लोखंडी हात

भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला देवासचं ते टॉकीज आठवतं. एका जुन्या इंग्रजी विज्ञानपटाची नवी, रंगीत आवृत्ती लागली होती आणि पहिल्याच दिवशी मी काकांना घेऊन गेलो होतो. कारखान्यातल्या मशीननं त्यांचा उजवा हात नेला होता, म्हणून शेंगा सोलून द्यायचं काम माझं. आणि मी कॉलेजात, म्हणून इंग्रजी समजावायचंही माझंच. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी झोकात ठोकून देत होतो. पडद्यावर डॉक्टरनं नायकाला लोखंडी हात बसवला, त्याची बोटं हलली, आणि काका खुर्चीत पुढे सरकले. "काय म्हणतोय रे तो?" "म्हणतोय, असे हात आता मोठ्या दवाखान्यांत मिळतात." सोमवारी पहिल्या बसनं काका एकटेच इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. संध्याकाळी परतले ते थेट माझ्याकडे. "भिया, डॉक्टर हसले रे मला. त्यांनी पिक्चर पाहिला नसेल. तू चल ना, इंग्लिशमध्ये समजाव त्यांना." आज चारचौघांत मी कुठलीही गोष्ट रंगवून सांगतो, पण तेव्हा "काका, मी थाप मारली" एवढं एक वाक्य मला जमलं नाही, आणि पुढच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलो.