रोज सहाला अडणारा खेळ

शिडी भिंतीला टेकवून काका दोन मिनिटं जिन्यातच बसले. एकाच घरी ही पाचवी खेप. इंटरनेट कंपनीच्या वायरी ओढण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. निवृत्तीला आठ महिने होते, पण गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

तक्रार एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. भाचीच्या चौघींच्या संघात त्या ऑनलाइन खेळत. शत्रूचा किल्ला घ्यायचा असा खेळ. रोज संध्याकाळी बाईंचा सैनिक पायरीवर एक पाय उचलून तसाच उभा राही आणि तोवर किल्ला हातचा जाई.

काकांनी आधी वायर बदलली, मग तिचं टोक, मग राउटर. चौथ्या खेपेला राउटर कपाटावरून टेबलावर आणला. दर वेळी त्यांच्या मोबाइलवरच्या चाचणीत वेग पूर्ण दिसे आणि बाई काम झाल्याचा कोड देत. म्हैस आजारी आणि इंजेक्शन पखालीला, हे काकांना कळत होतं. हात मात्र सवयीनं पक्कड शोधत.

आज बाईंनी पक्कड काढूच दिली नाही. समोर एकरेघी वही ठेवली.

"वाचा."

पंधरा दिवसांच्या नोंदी होत्या. इथून निघालेला इशारा खेळापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते मिलिसेकंदांतले आकडे. पावणेसहाला तीस, सहा-पाचला अडीचशे. रोज तेच.

"भाऊ, वायर रोज सहाच्या ठोक्याला बिघडते? तिला घड्याळ असतं का?"

काकांना कारण ठाऊक होतं. सहानंतर कंपनी खेळांची वाट मुद्दाम अरुंद करी, म्हणजे सिनेमे बघणाऱ्यांची ओरड होत नसे. वेगाच्या चाचणीला मात्र रस्ता मोकळा. ग्राहकाकडे यातलं अक्षर काढायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती.

"उद्या साडेसहाला सामना आहे," बाई म्हणाल्या. "भाची म्हणते, आत्या, वय झालं, तुझे हात मंद झालेत, तू बाहेर बस. हरण्याचं काही नाही हो. पण हात खरंच मंद झालेत का, तेवढं मला कळू दे. सांगायला दुसरं कोणी नाही."

सहा वाजले. बाईंच्या खेळाच्या पडद्यावरचा आकडा तीसवरून अडीचशेवर गेला. काकांनी चाचणी लावली. वेग पूर्ण.

खेळताना संघाशी बोलायचा हेडफोन बाईंच्या डोक्यावर होता, तो काकांनी मागून घेतला. तो उलटा लागला, बाईंनी सरळ करून दिला.

"कोण आहे तिकडे?"

"मी भाची. तुम्ही कोण?"

"इंटरनेटवाला. तुमच्या आत्याचे हात ठणठणीत आहेत. सहानंतर आमची कंपनीच खेळ मंद करते. वायरीत दोष नाही, त्यांच्यातही नाही."

पलीकडून बारीक आवाज आला, "आत्याला द्या."

बाईंनी ऐकून घेतलं. "हो. उद्या तुझ्याकडे येते. तुझी लाइन दुसऱ्या कंपनीची ना? माझा माउस मीच आणीन, तुझा चिकट असतो." आणि त्या पिशवी शोधायला लागल्या.

काकांनी मोबाइलवर तक्रारीचा रकाना उघडला. चार वेळा त्यांनी 'ग्राहकाचे यंत्र' असं कारण निवडलं होतं. आज 'इतर' निवडून खाली लिहिलं: 'लाइन चांगली. सहानंतर खेळ वरून मंद केला जातो.'

"कोड देऊ?" बाईंनी विचारलं.

"नको. काम झालेलं नाही."

तक्रार आता त्यांच्या नावावर उघडी राहणार होती. जिना उतरताना साहेबांचा फोन आलाच.

"काका, काय लिहिलंत हे? बदला लगेच."

"काय चुकलंय त्यात?"

"चुकलं नाही हो. लिहायचं नसतं."

"मग तुम्ही बदला, साहेब. मला शिडी धरायची आहे," काका म्हणाले, आणि शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या पत्त्याकडे निघाले. तिथलीही तक्रार सहानंतरचीच होती.