खोकल्याची मोजणी

माझी नोकरी नेमकी काय होती, हे मला कधीच कुणाला धड सांगता आलं नाही. चिंचवडच्या एका दवाखान्यात नव्या औषधांच्या चाचण्या चालत आणि कुठलं औषध खरंच लागू पडतं ते आकडेमोड करून मी ठरवायचं, एवढंच काम. नदीपलीकडच्या रहाटणीचे लोक मला ‘मोजणीवाले सायेब’ म्हणत आणि मी दिसलो की सातबारा लपवत. तेव्हा कारखाने यायला लागले होते. मोजणी आली म्हणजे जमीन गेलीच, असा हिशेब. मी जमीन नाही, खोकला मोजतो, असं सांगितल्यावर त्यांची भीती गेली. मग ते माझी कीव करू लागले.

मी तात्पुरता होतो. खोकल्याच्या नव्या औषधाचा अहवाल नीट झाला तर कायम करू, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. आणि कायम झालात तरच मुलगी देऊ, असं तळेगावच्या एका निवृत्त मास्तरांचं. मुलगी मी एकदाच पाहिली होती, पोह्यांच्या बशीपलीकडे. तेव्हापासून, खरं सांगतो, माझ्या बेरजा चुकत होत्या.

चाचणी सोपी होती. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नेहमीचं. दोन्ही लाल, दोन्ही गोड, बाटलीवर फक्त नंबर. कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरे, त्यामुळे एकाच घरात नवऱ्याला एक आणि बायकोला दुसरं, असंही होई. साठीपुढच्यांना घ्यायचं नाही, हा नियम माझा. त्याचा मला अभिमानसुद्धा होता.

दर आठवड्याला बाटल्या परत येत आणि मी उरलेलं औषध मोजी. कुणी डोस विसरे, कुणी दोन डोस एकदम ढोसे, हे मी धरूनच चाललो होतो. पण रहाटणीच्या एका आळीतल्या साऱ्या बाटल्या सहा महिने धुऊनपुसून लख्ख येत राहिल्या.

“काय शिस्त आहे लोकांना!” डॉक्टरसाहेब म्हणाले.

मला शंका आली. इतक्या शिस्तीची माणसं मी आमच्या दवाखान्यातही पाहिली नव्हती. सायकल खांद्यावर घेतली, पवना ओलांडली आणि त्या आळीत गेलो. एका ओसरीवर म्हातारी बसली होती. वय जास्त म्हणून मी परत पाठवलेली तीच ती. तिच्यापुढे भलंमोठं पितळी पातेलं, पातेल्यात लाल औषध, हातात पळी, आणि वाट्या घेऊन उभी असलेली अख्खी आळी.

“आजी, हे काय चाललंय?”

“औशिद. समद्यांच्या बाटल्या ह्यात वततो आन् सारखं वाटतो. एका घरात दोन नंबर दिलं तुमी. सुनंला भारी आन् पोराला हलकं? भांडणं लावाया आलाय व्हय?”

“पण तुम्हाला तर मी औषध दिलंच नव्हतं!”

“तुमी न्हाई दिलं. म्हनून तर आळीनं दिलं.”

मी असा भडकलो की बोलता बोलता ठसका लागला. म्हातारीनं पळी पुढे केली. मी मुकाट्यानं प्यालो.

दोन्ही औषधं सारखीच निघाली, असा अहवाल सहज देता आला असता. पातेलं कुणाला दिसणार होतं? दोन दिवस मी तो कागद उशाशी घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं.

“सहा महिने पातेल्यात घातलेत!” ते कडाडले. “पुन्हा पहिल्यापासून. एका आळीला एकच औषध. आणि कायम होण्याचं नाव काढू नका.”

मास्तरांना मी चार पानी पत्र लिहिलं, पातेल्याच्या आकृतीसकट. मला थोडक्यात लिहिता येत नाही. उत्तराला कार्ड आलं: ‘कायम झाल्यावर कळवावे. तोवर अन्य स्थळे पाहत आहोत.’ वाचून जेवण गेलं नाही. मग कोपऱ्यात, वेगळ्या शाईत, बारीक अक्षर दिसलं: ‘त्या आजींचा खोकला गेला का?’

मी वही उघडली. वहीत आजी नव्हत्याच. सहा महिने गावाचा खोकला मोजत होतो आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नदी ओलांडली. आजी दारात ज्वारी निवडत होत्या. “इचारलं ते बरं केलं,” म्हणाल्या, आणि पुढचं बोलण्याआधी मिनिटभर खोकल्या. मी साठीचा नियम खोडला, नव्या वहीत पहिलं नाव त्यांचं घातलं आणि त्यांना बैलगाडीनं दवाखान्यात आणलं.

मग कार्ड लिहिलं. मास्तरांना नव्हे, थेट त्यांच्या मुलीला: ‘गेला नाही. औषध सुरू केलं आहे. दर आठवड्याला कळवीन.’ दर आठवड्याला कळवत राहिलो. तिनं वडिलांची समजूत कशी घातली, ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. वैशाखात आमचं लग्न झालं तेव्हा मी तात्पुरताच होतो.