चौदावी तकटी

भालचंद्र वझलवारांनी उभ्या नोकरीत एकच काम केलं: लोकांना क्वार्टर देणं आणि ते निवृत्त झाले की काढून घेणं. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणूस क्वार्टरच्या टाइपवरून ओळखतात. हळदीकुंकवालासुद्धा डी टाइपच्या बायका सोफ्यावर, सी टाइपच्या खुर्चीवर आणि बाकीच्या सतरंजीवर. असा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडायची छातीही कुणाला झाली नाही. मी आणि शेजारच्या लीलावहिनी, म्हणजे वझलवारांची बायको, दोघी खुर्चीवाल्या.

निवृत्त माणूस दारात रेंगाळला की वझलवार म्हणायचे, "भिंतीला काय चिकटून राहिले? सामान उचला." सदाशिव फोरमनच्या घरी मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, तरी त्याला सोडलं नाही. मग स्वतः निवृत्त झाले, आणि आपला तो बाब्या!

भोपाळच्याच कडेला, मिसरोदला त्यांचं घर बांधून तयार होतं. प्लॉट वहिनींच्या नावाने, त्यांच्या वडिलांनी दिलेला. लग्न होऊन नागपूरहून आल्यापासून वहिनींचं एकच मागणं होतं, आईचा फोटो भिंतीवर लावायचा. पण खिळा हातात घेतला की नवरा ओरडायचा, "खिळा नको! भिंत कारखान्याची आहे." त्यामुळे आई ट्रंकेत, साड्यांखाली. आता स्वतःची भिंत उभी होती आणि हे गृहस्थ क्वार्टर सोडायला तयार नव्हते.

त्यांना कारण मिळालं ते मेव्हण्यामुळे. वहिनींचा भाऊ बाळकृष्ण समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या जहाजावर होता. खोल पाण्यातून वर ओढलेल्या एका जुन्या तारेला चिकटलेला एक प्राणी त्याने बरणीत घालून आणला. खोल समुद्रातलं बार्नेकल. खाली देठ, वर बदामाएवढं बोंड, त्यावर पांढऱ्या तकट्या, म्हणजे कवचाचे चपटे तुकडे. वझलवार नागपूरचे प्राणिशास्त्राचे एम.एस्सी. पदवी इतकी वर्षं निजली होती, ती बरणी बघून ताडकन उठली.

त्यांनी आपल्याच जुन्या खात्याकडे अर्ज लावला की प्राण्याचं शास्त्रीय वर्गीकरण चालू आहे, सामान हलवलं तर नमुना बिघडेल, सबब मुदत वाढवावी. खात्यातली मुलं त्यांच्याच हाताखाली वाढलेली. त्यांनी घाबरून मुदत दिली. ती संपली की पुन्हा अर्ज. सगळं अडलं होतं चौदाव्या तकटीवर. तेरा तकट्या भिंगातून दिसत होत्या. चौदावी, बुडाशी लपलेली, आहे की नाही यावर जात ठरणार होती, आणि ती काही केल्या ठरत नव्हती. ती ठरूच नये याची काळजी वझलवार घेत होते, असं माझं स्वच्छ मत आहे.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. बरणी टेबलावर. वझलवार रंगात आले. "हा शिंपल्यासारखा दिसतो म्हणून मोठमोठ्या पंडितांनी याला गोगलगायींत घातला होता. घर बघून जात ठरवली! पुढे याची पिल्लं पोहताना पाहिली, तेव्हा कळलं की हा खेकडा आणि कोळंबीचा भाऊबंद." मंडपातही बसायची मांडणी तीच; सतरंजीवरच्या बायकांनी सोफ्याकडे पाहिलं. वझलवारांना पत्ता नाही.

"लहानपणी हा मोकळा पोहतो. मग एक जागा पसंत करतो, डोकं टेकवतो, आतून सिमेंट सोडतो आणि चिकटतो ते कायमचा. उरलेला जन्म डोकं खाली, पाय वर. पायांनीच अन्न तोंडात ढकलायचं."

मागून सदाशिव फोरमन म्हणाला, "साहेब, हा कोणत्या खात्यातला?"

हशा पिकला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, नर की मादी? वझलवारांनी भिंग पुढे केलं. "ही मादी. नर हा इथे, तकटीच्या आतल्या खिशात. हा ठिपका. याला तोंड नाही, पोट नाही. मादीच्या आधाराने राहतो, बस्स."

मंडप गडगडून हसला. लीलावहिनी हसल्या नाहीत. त्या बराच वेळ भिंगातून त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

क्वार्टरच्या भिंती कारखान्याच्या असल्या तरी पातळ. घरी पोचल्यावरचं सगळं मला ऐकू आलं.

"मी मिसरोदला चालले," वहिनी म्हणाल्या.

"अगं, चौदावी तकटी..."

"ती असो की नसो. आईचं तोंड भिंतीवर बघायचं आहे मला, माझे डोळे धड आहेत तोवर. तुम्ही बसा इथे."

"मग माझा चहा?"

ट्रंक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मला इतका आनंद झाला की मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

वहिनी गेल्या. वझलवार चिकटून राहिले. पण पाय हलवून तोंडात काही पडेना. साखरेचा डबा कुठे असतो हे विचारायला ते माझ्याकडे आले. मी सांगितलं नाही. पुढे कॅन्टीनचे समोसे खाऊन पोट बिघडलं, तेव्हा मात्र माणूस हलला.

मी वहिनींना भेटायला मिसरोदला गेले होते, त्याच दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली. उतरलेल्या चेहऱ्याचे वझलवार आणि त्यांच्या कुशीत बरणी.

"नमुना आणला वाटतं?" वहिनी म्हणाल्या. "बिघडला नाही ना वाटेत?"

"नाही." मग हळूच, "लीला, चौदावी आहे. मला केव्हाच दिसली होती."

वहिनींना राग आला, आणि तो यायलाच हवा होता. मग त्यांनी बरणी काढून घेऊन बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या रिकाम्या हातात हातोडी आणि खिळा दिला. आईचा फोटो पुसून खुर्चीवर ठेवलेलाच होता. इतके दिवस तो लावायचा का राहिला होता, ते मला तेव्हा कळलं.

वझलवारांनी खिळा भिंतीला टेकवला आणि त्यांचा हात थबकला. सवय कुठे जाते! त्यांनी मागे वळून पाहिलं.

"ठोका," वहिनी म्हणाल्या. "भिंत माझी आहे."