आईच्या नावाची नळकांडी

१९४६ च्या डिसेंबरात रहिमतपूरच्या एका धर्मादाय दवाखान्याने प्राणवायूची सहा रिकामी नळकांडी भरून आणण्यासाठी रेल्वेने मुंबईला पाठवली. कारखान्याने ती भरायला नकार दिला. त्या वेळी माझी थोरली बहीण त्याच दवाखान्यात न्यूमोनियाने आजारी होती. प्राणवायू मिळाला तर ती वाचण्याची शक्यता आहे, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते.

नळकांडी अमेरिकन होती. लढाई संपल्यावर परदेशी फौजांनी मागे ठेवलेला माल लिलावात निघाला. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने त्यातून तंबू, दोरखंड आणि पत्रे घेतले. त्या मालात प्राणवायूने भरलेली ही सहा नळकांडी आली. हळदीच्या वखारीत त्यांचा उपयोग नव्हता. व्यापाऱ्याच्या दिवंगत आईचे माहेर रहिमतपूरचे, म्हणून त्याने ती तिथल्या दवाखान्याला द्यायचे ठरवले. इथवर कोणाचेच काही चुकले नव्हते.

देण्याआधी त्याने त्यांवर आईचे नाव घालून घेतले. आमच्याकडे देवळाला समई दिली, लग्नात परात दिली, तरी तिच्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. तांबट छिन्नी धरून हातोडी टिचकावत जातो आणि अक्षर उमटते. पितळेला त्याने काही होत नाही. नळकांड्याच्या पोलादावर तांबटाची छिन्नी बोथट झाली, तेव्हा व्यापाऱ्याने लोखंडकामाच्या दुकानातून चांगले पाणी देऊन कडक केलेली छिन्नी आणवली. नाव खोल घाल, वरून रंग दिला तरी वाचता आले पाहिजे, असे त्याने तांबटाला बजावले. हे त्याने पुढे मला स्वतःच सांगितले, आणि सांगताना त्याला अभिमान वाटत होता. बोटाएवढी अक्षरे, नळकांड्याच्या ऐन पोटावर, सहाही नळकांड्यांवर. हे काम चालले तेव्हा आत प्राणवायू दाबून भरलेला होता. तांबट त्या दिवशी जिवंत घरी गेला, याचे श्रेय ज्याने ते पोलाद ओतले त्या परक्या माणसाला आहे.

दसऱ्यानंतर दवाखान्याच्या अंगणात समारंभ झाला. नळकांड्यांना चंदेरी रंग दिलेला होता आणि प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार होता. विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील. त्यांनी दात्याच्या मातृभक्तीवर भाषण केले. दात्याने शस्त्रक्रियेसाठी नवी खोली बांधून देण्याचा विचार बोलून दाखवला. नळकांड्यांच्या खांद्यावर इंग्रजीत ठोकलेले शिक्के रंगाखाली गेले होते. ते कशाचे आहेत, हे कोणी विचारले नाही. अध्यक्षांना इंग्रजी उत्तम येत होते.

आतला प्राणवायू नोव्हेंबरअखेर संपला. डिसेंबरात अक्का आजारी पडली.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दाजींची, म्हणजे अक्काच्या यजमानांची, तार आली की नळकांडी मुंबईत अडली आहेत, काय ते पाहा. सोमवारी सकाळी मी कारखान्याच्या फाटकावर होतो.

गॅस भरणाऱ्या विभागाच्या प्रमुखांनी मला आवारात नेले. सहाही नळकांडी इतर मालापासून दूर, भिंतीच्या पलीकडे आडवी ठेवली होती. त्यांनी चाकूने एका खांद्यावरचा चंदेरी रंग खरवडला. परदेशाहून आलेले नळकांडे भरण्याआधी काय पाहायचे, ते त्यांनी मला सांगितले. ते किती दाबासाठी केले आहे आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे खांद्यावर ठोकलेले असते. ते वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. तपासणी पाच वर्षांच्या आतली हवी. झडपेचे आटे आपल्या आट्यांशी जुळत नसतील तर नेमका जोड हवा, जबरदस्तीने पिळायचे नाही. झडपेला तेल किंवा चरबी लागता कामा नये, कारण दाबलेल्या प्राणवायूत तेल आपोआप पेटते. आणि अंगावर कुठेही खाच, पोचा किंवा जळाल्याची खूण असता कामा नये.

खरवडलेल्या जागी १९४२ चा शिक्का निघाला. अमेरिकेची तपासणी अजून चालली असती. आट्यांचा जोडही त्यांच्याकडे होता. मग त्यांनी माझे बोट धरून नळकांड्याच्या पोटावरच्या पहिल्या अक्षरात ठेवले. नख निम्मे आत गेले.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले.

"बाईंचं नाव लांबलचक आहे," ते म्हणाले. "आटोपशीर असतं तर एखादं नळकांडं वाचलं असतं."

ते हसले नाहीत. आत गॅस भरला की दाब बारीक खाचेवर एकवटतो, आणि तिथून ते फाटले तर खोलीतले कोणी उरणार नाही, असे ते म्हणाले. ही सहा कापून मोडीत घालावी लागतील. पण कारखाना दवाखान्यांना स्वतःची भरलेली नळकांडी भाड्याने देतो. डॉक्टरांची मागणी हवी. नुसती तार आली तरी ते त्याच दिवशी माल गाडीत चढवतील. त्यांनी मला दोन भरलेली नळकांडी दाखवलीही. मी डॉक्टर नव्हतो. मी पुढच्या गाडीने निघालो.

मंगळवारी रहिमतपूरला पोचलो तेव्हा अक्का लोडाला टेकून बसली होती. आडवे होता येत नव्हते. बोलताना तिला मध्येच थांबावे लागे, म्हणून ती फार थोडे बोलत होती. डॉक्टर तरुण होते, नोकरीला वर्षही झाले नव्हते, संस्थेच्याच दोन खोल्यांत राहत होते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, तार लगेच करतो, फक्त अध्यक्षांच्या कानावर घालून या.

अध्यक्ष ओसरीवर चहा घेत होते. त्यांनी मलाही चहा मागवला आणि कारखान्याचे नियम व नकाराचे कारण मी सांगितले ते ऐकून घेतले.

"शेठजींनी सहा दिली आहेत," ते म्हणाले. "आपण भाड्याची दोन आणायची आणि त्यांच्या सहांच्या शेजारी उभी करायची. त्यांना काय वाटेल, याचा विचार केलात?"

मी म्हणालो, माझ्या बहिणीला श्वास घेता येत नाही.

"मला पूर्ण सहानुभूती आहे. पण संस्था एका रोग्यापुरती नसते. उद्या खोली झाली तर शेकडो रोग्यांची सोय होईल. तुम्ही असं करा, सांगलीला जाऊन त्यांचा होकार घेऊन या. मी त्याच क्षणी सही करतो."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठलो. त्याची अध्यक्षांनी नंतर दाजींकडे तक्रार केली.

बुधवारी मी सांगलीला गेलो. व्यापारी वखारीत होता. हळद पॉलिश करायचे काम चालले होते आणि गादी, तक्के, हिशेबनिसाच्या भुवया, सगळे पिवळे झाले होते. मी कारखान्याचा नकार सांगितला. त्याचा चेहरा लाल झाला.

"त्या अमेरिकनांनी आपली अक्षरं ठोकली ती चालतात," तो म्हणाला, "आणि माझ्या आईचं नाव चालत नाही?"

ती अक्षरे खांद्यावर आहेत, तिथे पोलाद जाड असते आणि ती मापून ठोकतात, असे मी म्हणालो. त्याने हात हलवला. मग त्याने तांबटाला काय बजावले होते ते मला सांगितले. ते वर दिलेच आहे. मी म्हणालो, नळकांडी राहू द्या, नावही राहू द्या, ती दवाखान्याच्या दारात उभी करा, रोज हार घाला. फक्त भाड्याची दोन आणायला हो म्हणा.

"म्हणजे माझी शोभेची, आणि कामाची दुसऱ्याची. वा. अध्यक्षांना निरोप द्या, भाड्याचं नळकांडं दवाखान्यात शिरलं की खोलीचा विषय मी सोडला. आणि भरायला मुंबई कशाला पाहिजे? इथं माझ्या ओळखीचा वेल्डिंगवाला आहे. मोठ्या नळकांड्यातनं लहानात प्राणवायू सोडतो. एक परत मागवून भरून धाडतो तुमच्याकडे, मग तर झालं?"

ते भरू नका, असे मी त्याला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितले. तो हिशेबनिसाशी बोलू लागला.

गुरुवारी अक्काची नखे निळी दिसू लागली. डॉक्टर मंगळवारपासून अध्यक्षांच्या सहीची वाट पाहत होते. त्या दुपारी त्यांनी कोणाला न विचारता स्वतःच्या नावाने तार केली. ती मंगळवारीच करता आली असती. हे ते मला म्हणाले, मी त्यांना म्हणालो नाही.

शुक्रवारी सकाळी सांगलीचा ट्रक दारात आला. व्यापाऱ्याने बुधवारीच तार करून रात्रीच्या मेलने मुंबईहून एक नळकांडे परत मागवले, मिरजेला उतरवून घेतले आणि भरून पाठवले होते. त्याला नवा हार होता. बरोबर वेल्डिंगवाल्याचा मिस्त्री आला होता.

"आवं डाक्टर, ठासून भरल्यालं हाय," तो म्हणाला. "झडप लय घट बसलेली. करडईचं त्याल सोडलं जरा, तवा कुटं फिराय लागली. आता बगा, लोण्यावाणी फिरती."

डॉक्टरांनी वाकून झडपेचा वास घेतला. मग त्यांनी विडी ओढत बसलेल्या ट्रकवाल्याला रस्त्यावर पाठवले आणि चौघांना नळकांडे दगडी कुंपणाच्या मागे न्यायला लावले. मिस्त्रीला राग आला. आमी काय चोरून आणलंय व्हय, असे तो पुटपुटत राहिला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते, आणि सांगणे ज्याचे काम होते तो सांगलीत गादीवर बसला होता.

दाजी धावत अंगणात आले.

"दहा मिनिटं लावा," ते म्हणाले. "मी धरून बसतो. बाकी सगळे बाहेर जा."

"आत सात बायका आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कुठं नेऊ?"

"अंगणात आणा. थंडीत कुडकुडू देत. पण हिला लावा."

डॉक्टरांनी सगळ्यांना मागे सारले, झडप कोरड्या फडक्याने पुसली आणि एकटे कुंपणामागे जाऊन ती थोडी थोडी उघडली. त्या फुसफुसण्याचा आवाज बायकांच्या खोलीत स्पष्ट येत होता. तो बराच वेळ चालला. मी अक्काजवळ होतो. तिने नजरेनेच विचारले, हे काय. दाजी दारात उभे होते.

"तुझा प्राणवायू सोडून देतायत," ते म्हणाले.

"मग खिडकी तरी उघडा," अक्का म्हणाली.

मी खिडकी उघडली.

त्या सकाळी मी दाजींच्या बाजूने होतो. आज मी लिहितो की डॉक्टरांनी केले ते बरोबर होते, आणि हे लिहिल्याने राग कमी होत नाही. तो कुंपणामागच्या माणसावरून उठून ओसरीवरच्या माणसाकडे जातो, वखारीतल्या माणसाकडे जातो आणि तिथेच राहतो. नियम कोणापासून लपवलेले नव्हते. मी ते दोघांनाही तोंडी, मराठीत, समोर बसून सांगितले होते. दोघांनाही ते कळले होते. ज्याला कळले नव्हते असा एकच माणूस या प्रकरणात होता, तो मिस्त्री, आणि पुढे अध्यक्षांनी विश्वस्तांच्या बैठकीत सगळा दोष त्याच्या तेलावर टाकला.

शनिवारी सकाळी अक्का गेली. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस सांत्वनाला आला. निघताना त्याने दाजींना विचारले की शेठजींचे नळकांडे कुठे ठेवले आहे. दाजींनी कुंपणाकडे बोट दाखवले.

डॉक्टरांची तार कारखान्यात शुक्रवारी पोचली होती आणि भरलेला माल मालगाडीनेच येत असे. सोमवारी सकाळच्या गाडीने कारखान्याची दोन भरलेली नळकांडी रहिमतपूर स्टेशनवर उतरली. डॉक्टरांनी ती सही करून घेतली. त्याच आठवड्यात ती उंब्रजहून आणलेल्या एका बाईला लावली. तिलाही न्यूमोनिया होता. संक्रांतीनंतर ती बैलगाडीने घरी गेली.