यादीत हॉकियन सापडेना

परवा शनिवारी सकाळी शेजारच्या लिम आँटींनी दार वाजवलं. आम्ही सिंगापूरमध्ये तोआ पायोहला एकाच मजल्यावर राहतो. आँटींचं वय अठ्ठ्याहत्तर... हातात फोन, चेहऱ्यावर घाई.

त्यांच्या वडिलांचं गाव चीनमध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे जायचं ठरलंय, एका टूरबरोबर. पण फॉर्म इंग्लिशमध्ये, आणि आँटींना इंग्लिश फक्त बोलता येतं. मुलगा ऑस्ट्रेलियात, फोन उचलेना... मुदत दुपारी बारापर्यंत!

सगळं भरलं आणि शेवटी अडलं. 'वडिलांचा प्रांत' निवडा. त्यावरून ग्रुप ठरणार होता, म्हणजे चुकलं तर आँटी भलत्याच गावी.

"हॉकियन," आँटी ठामपणे म्हणाल्या.

यादीत हॉकियन नाहीच! हेनान, हुनान, हुबेई, हेबेई, हायनान... माझं डोकं गरगरायला लागलं. अकरा वर्षं इथे राहून हॉकियन म्हणजे एक बोली आणि हॉकर सेंटरमधल्या नूडल्स, एवढंच मला माहीत.

"हायनान असेल का?" मी घाबरत विचारलं.

"नो लाह! हायनान चिकन राइसवाले. मी हॉकियन!"

साडेअकरा वाजले. आँटींचे डोळे भरून आले होते. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी वडिलांच्या थडग्याचा फोटो फोनमध्ये शोधून दाखवला. दगडावर गावाचं नाव असतं म्हणे.

मी तो भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला. उत्तर आलं, फुजियान. "फुजियान?" मी वाचलं. आँटींना काही कळेना... मलाही नाही.

शेवटी स्पीकरचं बटण दाबलं. अ‍ॅप चिनीत बोललं, "फूच्येन."

"या लाह! सेम सेम!" आँटींनी टाळीच वाजवली.

अक्षरं तीच दोन. आँटींच्या बोलीत हॉकियन, मँडरिनमध्ये फूच्येन... आणि मी केलेला उच्चार जगात कोणाचाच नाही! फुजियान यादीत होतंच; बाराला दहा कमी असताना फॉर्म गेला.

मग चहा घेता घेता त्या नावाविषयी वाचून दाखवलं. फूचौ आणि च्येनचौ, दोन जुन्या ठिकाणांच्या नावांचे पहिले तुकडे जोडून ते झालंय म्हणे. आँटी खूश. "आणि तुझा प्रांत?"

"महाराष्ट्र. म्हणजे मोठा देश," मी ऐटीत सांगितलं.

"देश? पण तू तर प्रांत म्हणालीस..."

खरंच की! संध्याकाळी नागपूरला बाबांना फोन केला. त्यांनी तीन वेगवेगळ्या व्युत्पत्ती सांगितल्या, स्वतःच त्यातल्या दोन खोडल्या, आणि म्हणाले, "नक्की कोणालाच माहीत नाही गं."

गोंधळ वाढलाच आहे... पण बाबांशी पाऊण तास गप्पा कित्येक महिन्यांत झाल्या नव्हत्या. आँटी, तुम्ही विचारलंत म्हणून झाल्या.