काठालगतची रेघ

वडगावात म्हणायचे, एक वेळ पाऊस थांबेल, पण ह्याचं तोंड थांबायचं नाही. हा म्हणजे मी. मी गोष्टींतून सोडलेले वाघ खरे असते, तर खानापूरच्या रानात झाडांना जागा उरली नसती. पण पंचेचाळिशीला आलो आणि त्या तोंडाच्या आत सगळं कोरडं पडलं. मागावरचं लुगडं उतरलं की जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधायचा, ही आम्हा विणकरांची रीत. त्या वर्षी टोकं लोंबत राहिली आणि नवा ताणा काही मी घेईना. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसायचो. बापानं हेच केलं, मीही हेच केलं, पुढं काय? हात मागाला लागेना. एकदा तर टोकंच कापायला निघालो, तेव्हा बायकोनं कात्री लपवली.

शेवटी पळून जायचं ठरवलं. गुपचूप पळावं की नाही? पण आमचा स्वभाव! पारावर बसून सांगितलं, "कणकुंबीची माउली स्वप्नात आलती. वाघावर बसून! नाव घेऊन म्हणाली, ये रं लेकरा." मनात मात्र कणकुंबीच्या पुढचा घाट होता. घाट उतरला की पोर्तुगीजांचा मुलूख. तिथं कोण कुणाला विचारतो?

थाप अशी बसली की गल्लीतल्या बायका देवीची ओटी घेऊन दारात. खण, नारळ, तांदूळ. एक म्हातारी तर माझ्याच पाया पडली. तिच्या कपाळाचा माझ्या पायाला झालेला स्पर्श अजून चटका देतो. बायकोनं सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि एवढंच म्हणाली, "या लवकर. टोकं तशीच ठेवते."

जांबोटीपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढं पायी. कणकुंबीत देवळाची वाट फुटते तिथं मी वळलो नाही. गाठोडं झाडाखाली ठेवून निघावं म्हटलं, तर हातातून सुटेना. तेवढ्यात मागून मोळी घेतलेली एक म्हातारी आली.

"ओ अण्णा, ओटी घिऊन घाटाकडं कुटं?"

"माउलीनं बोलावलंय, आज्जी. स्वप्नात." सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"मग तोंड तिकडं का रं? देऊळ हिकडं हाय. चल."

ती देवळातल्या गुरवाची आई, हे वाटेत कळलं. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा मी मागोमाग गेलो. गाभाऱ्यात समईच्या उजेडात माउली हिरवं लुगडं नेसून होती. काठालगत वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ. ती रेघ माझ्याच हातची. ते लुगडं विणताना ताण्याचा एक धागा तुटला होता. सांधायचा कंटाळा केला आणि तसाच विणत गेलो होतो. व्यापाऱ्यानं ते परत केलं, तेव्हा मी बायकोच्या अंगावर भिरकावलं होतं, "फडकी कर ह्याची."

"हे लुगडं..." मी रेघेकडं बोट दाखवलं.

"मागल्या जत्रंला वडगावची एक बाई घिऊन आलती. म्हनली, ह्यात चूक हाय, पर माझ्या मालकांच्या हातचं हाय. चालंल का आईला?"

"मग?"

"नेसलीया न्हवं? दिसत न्हाय व्हय?"

आईच्या पेटीत लुगडी ढिगानं. त्या दिवशी तेच का नेसवलं, हे मी विचारलं नाही. ओट्या तिच्यापुढं ठेवताना मान वर होईना. आयुष्यभर थापा मारल्या, पण लाज वाटली ती त्या दिवशी. मी म्हणे तिच्या ओळखीचा! आणि ती माझी चूक अंगावर घेऊन उभी होती.

घरी आलो तर गल्ली गोळा झालेली. "काय म्हणाली आई? वाघ दिसला काय?" या वेळी मी एकही वाघ सोडला नाही. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा तिला हळूच म्हणालो, "नेसलीया." तिनं पदर डोळ्याला लावला.

पुढं काय, ते आजही मला ठाऊक नाही. त्या दिवशी खड्ड्यात उतरलो, फणीतलं पहिलं टोक हातात घेतलं आणि नवा धागा त्याला सांधला. बाकीचं आईवर सोडलं. आता धागा तुटला की माग थांबवतो, सांधतो, मगच पुढं जातो. अंगावर घेणारी कोण आहे, ते पाहून आलोय.