एका हातचे दोन अर्ज
कपाट आवरताना तंबाखूच्या वासाचे दोन कागद हाती आले. बिनतारी रेडिओच्या हौसेपायी मला घराशेजारी चाळीस फुटी मनोरा उभारायचा होता आणि निपाणीच्या नगरपालिकेनं माझा मराठी अर्ज परत केला होता, कन्नडमध्ये द्या म्हणून. मला कन्नड बोलता येई, लिहिता येत नसे. गल्लीत सुरेख कन्नड लिहिणारे एकच, शेजारचे तंबाखू व्यापारी आप्पा. मनोऱ्याला विरोधही त्यांचाच. तरी गेलो. वखारीत पोत्यावर बसून त्यांनी माझा अर्ज मन लावून लिहिला, माझा राहिलेला एक मुद्दाही घातला. मग म्हणाले, "अजून एक कागद दे रं." त्यावर त्याच वळणदार अक्षरात स्वतःची हरकत लिहिली: मनोरा माझ्या कौलांवर पडेल, तो मागं परसात हलवावा. "तुझं झालं, आता माझं. जाताना दोन्हीबी देऊन ये, मला लई लांब पडतंय." मी दोन्ही दिले, त्यांच्या कार्बन प्रती तेवढ्या कपाटात ठेवल्या. परवानगी आली ती परसाच्या अटीसकट. यंदा वळवाच्या वाऱ्यात मनोरा पडला, परसातल्या माझ्याच पेरूवर. त्यांच्या कौलांना धक्कासुद्धा नाही. हे सांगायला मी तडक शेजारी गेलो. आप्पांना जाऊन वर्ष झालंय, हे त्यांच्या दाराची कडी वाजवल्यावर आठवलं.